जागेपणी होणारी शस्त्रक्रिया



घरातील वडीलधाऱ्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली, की बहुधा त्याच रात्री जेवताना एक प्रश्न येतो : ‘मला पुरतं झोपवूनच करणार न्हवं?’ आणि ताटावर बसलेल्यांपैकी सर्वांत मायाळू व्यक्ती तत्काळ उत्तर देते, ‘व्हय आबा, तुम्हाला काय बी कळायचं न्हाई.’ प्रश्न विचारणारा निश्चिंत होतो आणि जेवण पुढे चालू होते.

हे उत्तर पुष्कळदा खोटे असते. मोतीबिंदू, हातापायावरील गाठ काढणे, दात व हिरडीची शस्त्रक्रिया यांत रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो. हर्निया, प्रोस्टेट, खुब्याचे हाड मोडणे, गुडघ्याचा सांधा बदलणे या मोठ्या शस्त्रक्रियांतही पुष्कळदा कमरेखालचा भागच बधिर करतात. रुग्णाला तेथील आवाज ऐकू येतात, दिवे दिसतात, अंगाला होणारा स्पर्श जाणवतो. घरच्यांनी दिलेल्या आश्वासनाचा खोटेपणा त्याला कळतो तो टेबलावर, तोंडावर कापड पडल्यानंतर. उठून जाता येत नाही, ओळखीचे कोणी जवळ नाही, आणि ‘हे मला सांगितले नव्हते, मग आणखी काय सांगितलेले नसेल?’ ही शंका मनात शिरते. आजचे हे टिपण त्या घटकेविषयी आणि त्या घटकेची तयारी घरातून कशी करावी याविषयी आहे.

‘भूल’ या शब्दाची अडचण

आपल्या भाषेत सगळ्याच प्रकारांना ‘भूल देणे’ असे म्हणतात. भूल म्हणजे विसर, भान हरपणे. संपूर्ण भुलीला हा शब्द शोभतो. स्थानिक भुलीत मात्र भान जागच्या जागी असते, बधिर होतो तो शरीराचा तेवढा भाग. ‘भूल देणार आहेत’ एवढेच सांगितले, की ऐकणारा मनात झोप धरून चालतो. म्हणून घरात बोलताना नेमके बोलावे : ‘डोळा बधिर करणार आहेत, तुम्ही जागे असाल’, किंवा ‘कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करणार आहेत.’

यात ढोबळ मानाने तीन पायऱ्या आहेत. जेथे काम करायचे तेवढीच जागा बधिर करणे ही पहिली. एखाद्या मज्जातंतूभोवती औषध सोडून सगळा हात किंवा पाय बधिर करणे ही दुसरी. कमरेच्या मणक्यांतून बारीक सुई घालून कमरेखालचा भाग बधिर करणे ही तिसरी. तिन्हींत मन जागे राहते. हवे असल्यास शिरेतून थोडे गुंगीचे औषध देता येते, परंतु त्याचे प्रमाण भूलतज्ज्ञ ठरवितात. उतारवयात या औषधाने कधी कधी गोंधळल्यासारखे होते, म्हणून ते जपून देतात.

डोळ्यापासून झालेली सुरुवात

मोतीबिंदूवरील शस्त्रकर्माचे वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आहे. त्या काळी आणि पुढेही शेकडो वर्षे रुग्णाने दातओठ खाऊन सोसायचे, हाच मार्ग होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथर हुंगवून केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि झोपवून शस्त्रक्रिया करण्याचे युग सुरू झाले.

जागेपणी, तरीही वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग डोळ्यापासून उघडला. व्हिएन्नातील कार्ल कोलर हा विशीतला डॉक्टर. कोकेनच्या द्रावणाचा थेंब डोळ्यात टाकला, की बुबुळाला स्पर्श केलेलाही कळत नाही, हे त्याने प्राण्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर करून पाहिले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्याचे निवेदन वाचले गेले. प्रवासखर्च न परवडल्याने ते दुसऱ्याने वाचले. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातून भूल देऊन शस्त्रक्रिया केली. कोकेनचे दुष्परिणाम पुष्कळ होते. १९४३ मध्ये स्वीडनमधील रसायनतज्ज्ञ निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले, आणि तेच औषध आज खेड्यातील दंतवैद्याकडेही सापडते.

आपल्या कोल्हापुरात टाउन हॉलसमोरचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या माणसांना ठाऊक आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला संलग्न आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. चंदगड-आजऱ्यापासून शिरोळपर्यंतच्या गावांतून डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परतलेली आजी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती बहुधा सगळा वेळ जागी होती. तिला विचारा, तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, फक्त कोणी विचारलेले नसते.

दुखत नाही, तरी कळते कसे?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्या परिचयाचे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले, की ते आपोआप उघडतात. मज्जातंतूच्या आवरणातही असेच अतिसूक्ष्म दरवाजे असतात. संवेदना आली, की ते एकापाठोपाठ एक उघडतात, त्यांतून सोडियमचे कण आत शिरतात आणि निरोप पुढे सरकत मेंदूपर्यंत जातो. लिग्नोकेनसारखे औषध हे दरवाजे काही काळ अडवून धरते. निरोप वाटेतच थांबतो. औषध रक्तात मिसळून निघून गेले, की दरवाजे पूर्ववत चालू होतात.

वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात, दाब आणि स्पर्श नेणारे त्यामानाने जाड. बारीक तंतू लवकर आणि पक्के बधिर होतात. म्हणूनच ‘हात लावलेला कळतो, ओढल्यासारखे वाटते, पण दुखत नाही’ असा विचित्र अनुभव येतो. हे आधी सांगितलेले नसेल, तर रुग्ण स्पर्श जाणवताच घाबरतो : भूल चढलेलीच नाही, आता कापतील! हे आधी सांगितलेले असेल, तर तोच स्पर्श त्याला ओळखीचा वाटतो.

मोतीबिंदू : टेबलावर काय घडते

प्रथम बाहुली मोठी करण्याचे थेंब वारंवार टाकतात. समोरचे अंधुक होते. मग बधिर करण्याचे थेंब, अथवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन. इंजेक्शनच्या वेळी क्षणभर टोचते व दाब जाणवतो; नंतर पापणी जड होते आणि डोळा हलेनासा होतो. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड पसरतात, त्यात डोळ्यापुरतेच भोक असते. कापडाखाली हवा किंवा प्राणवायू येण्यासाठी बहुधा नळी ठेवतात. कापड नाकातोंडावर पडले, की गुदमरल्यासारखे वाटते. पण श्वास नेहमीसारखाच चालू राहतो. तो सावकाश घ्यावा.

पापण्या बारीक चिमट्याने उघड्या ठेवतात, त्यामुळे डोळा मिटण्याची चिंता रुग्णाने करायची नसते. वर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश असतो. पुष्कळांना त्यात निळे, लाल, पिवळे रंग सरकताना दिसतात. काहींना हालणाऱ्या आकृत्या दिसतात. काहींना ते सुंदर वाटते, काही जण घाबरतात. डोळ्यात गार पाणी वाहते, ते गालावर ओघळते. ते रक्त नसते. यंत्र गुणगुणते, त्याचा सूर मध्येच बदलतो. बहुतेक शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. या वेळात रुग्णाचे काम एकच : डोके स्थिर ठेवणे.

खोकला येईल असे वाटले, नाकाला खाज सुटली, पाठ अवघडली, तर मान हलवू नये आणि हात तोंडाकडे नेऊ नये. ‘डॉक्टर, खोकला येतोय’ एवढेच म्हणावे आणि त्यांच्या ‘थांबा’ किंवा ‘खोका’ची वाट पाहावी. डॉक्टर हत्यारे बाजूला घेतील. पुष्कळ ठिकाणी परिचारिका रुग्णाचा हात हातात धरते. कोणी हात धरला, की भीती कमी होते, हे अभ्यासांतही दिसलेले आहे. तशी सोय असेल का, हे आधी विचारण्यात संकोच नको.

कमरेखालची भूल

येथे रुग्णाला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ गोलाकार करायला सांगतात. सुई टोचल्यावर थोड्याच वेळात पाय उबदार, मग जड आणि मग परके वाटू लागतात. ‘हा पाय माझा नव्हे’ असे वाटणे अपेक्षितच आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत करवतीचा व हातोडीचा आवाज येतो, अंग हादरते, वेदना नसते. गवंडीकाम चालावे तसा हा आवाज ऐकून भल्याभल्यांचा धीर सुटतो. गाणी ऐकण्याची सोय आहे का, थोडी गुंगी मिळेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारावे.

रक्तदाब उतरून मळमळ किंवा गरगर होऊ शकते, थंडी वाजून कापरे भरू शकते. दोन्हींवर तेथेच उपाय असतात, पण सांगितले तर. पायांतील ताकद परत यायला काही तास लागतात. त्या अवधीत रुग्णाने एकट्याने उठू नये. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वच्छतागृहाकडे निघालेली माणसे पडतात. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, चटका बसलेला कळत नाही. लघवी होत नसेल, किंवा बसल्यावर वाढणारी व आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी पुढच्या दिवसांत सुरू झाली, तर डॉक्टरांना कळवावे. बारीक सुयांमुळे ही डोकेदुखी आता कमी आढळते आणि तिच्यावर इलाज आहे.

जागे राहणेच चांगले का?

वय झाले, की संपूर्ण भूल सोसत नाही, असा एक समज आहे. डोळ्यासारख्या छोट्या शस्त्रक्रियेत स्थानिक भूल सोयीची आहे, यात शंका नाही : रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियांत उत्तर इतके सरळ नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे १६०० रुग्णांवर अमेरिका व कॅनडात झालेला ‘रीगेन’ नावाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मणक्यातील भूल, निम्म्यांना संपूर्ण भूल. ६० दिवसांनंतर मृत्यूचे आणि चालता न येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले. शस्त्रक्रियेनंतर गोंधळून जाण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते.

याचा अर्थ असा, की भूलतज्ज्ञ आपल्या आईसाठी एखादा मार्ग सुचवितात तेव्हा तिचे हृदय, फुप्फुसे, मणक्याची स्थिती, रक्त पातळ करणारी औषधे हे सारे पाहून सुचवितात. दोन्ही मार्ग मान्य असतील, तर तिची इच्छाही विचारात घेता येते. स्मृतिभ्रंश बराच वाढलेला असेल, सूचना समजत नसतील, डोके सतत थरथरत असेल, किंवा बंद जागेची विलक्षण भीती असेल, तर जागेपणीची शस्त्रक्रिया कठीण जाते. हे घरच्यांनाच अधिक ठाऊक असते, म्हणून त्यांनीच ते सांगावे.

सोसू नका, बोला

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडील जुन्या पिढीने, विशेषतः स्त्रियांनी, सोसण्याला सद्गुण मानले. शेतात, चुलीपुढे, बाळंतपणात त्यांनी आवाज केला नाही. तीच सवय घेऊन त्या टेबलावर जातात आणि दुखले तरी ‘डॉक्टरांच्या कामात कशाला अडथळा’ म्हणून गप्प राहतात. परिणाम उलटा होतो. दुखणे सोसताना अंग ताठ होते, रक्तदाब चढतो, आणि सोसणे संपते त्या क्षणी माणूस एकदम हलतो. डोळ्यात हत्यार असताना असे हलणे धोक्याचे असते. ‘दुखतंय’ असे वेळेवर म्हटले, तर औषधाची मात्रा वाढवता येते.

शब्द मात्र नेमके हवेत. ‘हात लागल्यासारखं वाटतंय’, ‘ओढल्यासारखं होतंय’ आणि ‘दुखतंय’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्ही स्वाभाविक. तिसरीवर लगेच उपाय करायचा असतो. याखेरीज ओठांना मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुंजन, किंवा मणक्यातील भुलीनंतर हाताला मुंग्या व श्वास घ्यायला जड जाणे यांतले काहीही वाटले, तर त्याच क्षणी बोलावे. औषधाचा परिणाम वाजवीपेक्षा अधिक होत असल्याची ही खूण असू शकते. झोपवलेला रुग्ण हे सांगू शकत नाही. जागा रुग्ण सांगू शकतो. जागे असण्याचा हा मोठा लाभ मौनामुळे वाया जातो.

घरच्यांनी काय सांगावे

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. ते येरवडा तुरुंगातील कैदी होते. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीचे निवेदन तयार झाले आणि त्यावर त्यांनी स्वतः सही केली. पुढे क्लोरोफॉर्म दिला गेला. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. रुग्णाला त्याचा पत्ता नव्हता. स्थानिक भुलीतील रुग्णाला मात्र असा प्रत्येक व्यत्यय कळतो. संमती म्हणजे काय होणार हे समजून दिलेला होकार, ही गोष्ट कैद्यालाही नाकारली गेली नाही. घरातील आबा-आजींना ती आपण प्रेमापोटी नाकारू नये.

दडवलेली गोष्ट टेबलावर उघडी पडण्याचा धोका येथे खराच आहे. छातीतली किंवा मानेतली गाठ स्थानिक भुलीखाली काढताना ‘तपासायला पाठवा’ हे शब्द आईच्या कानावर पडतात. ‘साधी चरबीची गाठ आहे’ असे तिला सांगून ठेवलेले असेल, तर ते शब्द तिला एकटीने, हलताही न येणाऱ्या स्थितीत ऐकावे लागतात. ‘गाठ काढून तपासायला देणार आहेत, निकालानंतर पुढचे ठरवू’ एवढे खरे तरी आधी सांगावे. ‘रुग्ण जागा आहे आणि त्याला ऐकू येते’ याची आठवण डॉक्टरांना नम्रपणे करून देण्यातही गैर काही नाही.

तयारीची टिपणे

• आठवडाभर आधी घरी सराव करावा : पाठीवर सपाट, पातळ उशी, तोंडावर धुतलेला पंचा सैल टाकून २० ते ३० मिनिटे पडून राहणे. दम लागला, खोकला आला, पाठ दुखली, तर ते डॉक्टरांना सांगावे. जवळ कोणी तरी बसावे.

• तंबाखू, मिसरी, विडी यांचा खोकला सकाळी अधिक असतो. तो लपवू नये.

• सर्व औषधांची चिठ्ठी न्यावी. रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत, विचारावे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असल्यास, किंवा पूर्वी घेतले असल्यास, नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे. त्या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन त्या सकाळी किती, हे लिहून घ्यावे.

• दंतवैद्याच्या इंजेक्शनने पूर्वी छाती धडधडली असेल, तर तसे सांगावे. बहुधा ती त्यातील अ‍ॅड्रेनालिनमुळे असते. खरी ॲलर्जी विरळा.

• उपाशी राहण्याच्या सूचना रुग्णालयागणिक व भुलीगणिक वेगळ्या असतात. शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नये.

• कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र घालून जाता येईल का, हे विचारावे. गडहिंग्लज-चंदगडकडील काही वडीलधाऱ्यांची घरची भाषा कन्नड असते; तसे असल्यास आधी कळवावे. सूचना कळल्याच नाहीत, तर पाळायच्या कशा?

• आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. भरलेले मूत्राशय अर्धा तास स्वस्थ पडू देत नाही.

• डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे किंवा लाली वाढली, दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी शब्दांविषयी. आज रात्री ताटावर तोच प्रश्न आला, तर ‘काय बी कळायचं न्हाई’ऐवजी असे सांगून पाहा : ‘तुम्ही जागे असाल. हात लावलेला कळेल, आवाज येतील, डोळ्यांपुढे रंग दिसतील. दुखलं, तर लगेच बोला, ते थांबतील. मी दाराबाहेर बसलेलो असेन.’ हे उत्तर थोडे लांब आहे आणि ऐकताना आबांचा घास क्षणभर थांबेलही. मात्र कापडाखाली पडल्यावर त्यांना यातील एकेक वाक्य खरे ठरताना दिसेल, आणि शेवटचेही खरेच असणार, याचा भरवसा वाटेल.